पुढच्या खोलीची जमीन आणि एकोणऐंशीचं घर

मी, खाली सही करणार, वय सव्वीस, शिक्षण चौथी (तीही अर्धी, कारण कलम सातमध्ये), धंदा परांची बांधण्याचा, म्हणजे इमारत उभी राहीपर्यंत तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा आणि ती उभी राहिली की सांगाडा सोडवून पुढच्या इमारतीकडे निघायचं, सध्या मुक्काम घरापासून दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. याचा पुरावा म्हणजे गेल्या मंगळवारी मुकादमाने माझ्या डोळ्यात बॅटरी मारून विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "सुट्टीला चार महिने उरलेत तो." तो म्हणाला, "हा ठीक आहे, चहा द्या याला." मला कुणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. या कागदातले जड शब्द आमच्या वसाहतीच्या ऑफिसातल्या कारकुनाचे आहेत, तो पूर्वी वकिलाकडे टाइप करायचा. हलके शब्द माझे.

कलम एक. हे मृत्युपत्र आत्ताच का.

कारणं दोन. पहिलं, मंगळवारी मी सदतिसाव्या मजल्यावरून खाली आलो, पण पूर्ण नाही. कमरेच्या पट्ट्याने मला छत्तिसाव्याजवळ अडवलं. दुसरं, येत्या रविवारी आमच्या घरी पुढच्या खोलीत टाइल्स बसणार आहेत. दोन्हींत गंभीर कारण दुसरं आहे.

हे कारकुनाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मृत्युपत्र लागू होतं माणूस मेल्यावर. टाइल्स बसणार रविवारी. तू तोवर मरणार आहेस का?"

मी म्हटलं, "नाही, सुट्टी मिळत नाही."

"मग हा कागद रविवारी कसा उपयोगी पडणार?"

पडणार. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, प्राथमिक शाळेत मास्तर आहेत. ते माणसाचं ऐकत नाहीत, पण कागदाचं ऐकतात. कागदाला कलमं असली तर उभं राहून ऐकतात. म्हणून हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. आजच फोनवरून घरच्यांना वाचून दाखवायचा आहे, आणि सही त्यानंतर. कारकून म्हणाला अशी रीत नाही. मी म्हटलं, आता पडेल.

कलम दोन. घर.

आमचे वडील जाताना कागद करून गेले की पुढची खोली माझी, मागची ताईची आणि स्वयंपाकघर आई असेपर्यंत आईचं, मग दोघांचं. त्या घरात सध्या आई, ताई, भावोजी आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची भिंगरी, वय सात, असे राहतात. भावोजींची शाळा तिथून चार मिनिटांवर आहे, म्हणून ते तिथे राहतात. मी त्यांना घरजावई कधीही म्हटलेलं नाही. दोनदा म्हटलं, ते चेष्टेत. ते दोन्ही मी इथे मागे घेतो.

तर माझ्या मागे पुढच्या खोलीच्या चार भिंती, छत, दार, दोन खिडक्या आणि गळणारा नळ हे सगळं ताईला मिळावं. जमीन मात्र भिंगरीला. फक्त जमीन.

कारकुनाने इथे पेन खाली ठेवलं. "अरे, जमीन एकीला आणि भिंती दुसरीला? मग ताईच्या भिंती काय हवेत लटकणार?"

मी म्हटलं, "हवेत लटकणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे. तू लिही."

कलम तीन. सदर जमिनीचं वर्णन.

खोली चौरस आहे, जमीन साध्या सिमेंटच्या कोब्याची. गेल्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा त्यावर मी सापशिडीचा पट रंगवला. रंग कठड्यांना मारायचा पिवळा आणि राखाडी, साइटवर उरलेला, मुकादमाला विचारून आणलेला. विचारलं आणल्यानंतर, पण विचारलं. घरं दहा आडव्या ओळी, दहा उभ्या. उजव्या कोपऱ्यात आईचं लोखंडी कपाट आहे, ते कुणाच्या बापाला हलत नाही, म्हणून तिथलं एक घर सोडलं. पट एकपासून शंभरापर्यंत बरोबर संपला. शेवटचा आकडा काढून मी ब्रश धुतला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कपाटाखालचं घर सोडूनही शंभर कसे भरले, हा प्रश्न मला पडला नाही. घरात मास्तर असून त्यांनाही पडला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

साप नऊ, शिड्या आठ. सर्वांत मोठा साप सत्त्याण्णववर बसलेला आहे आणि थेट बारावर आणून सोडतो. त्याने चष्मा घातलेला आहे आणि भांग डावीकडे पाडलेला आहे. तो चष्मा मी काढला हे मला मान्य आहे. तो साप म्हणजे भावोजी, हे मी कधीही मान्य केलेलं नाही.

कलम चार. पट रंगवायची वेळ का आली.

भिंगरी अभ्यासाला बसायची नाही. म्हणजे बसायची, पण अभ्यास उठून जायचा. भावोजी रोज शाळेतून आले की पाय धुऊन तिला पाटीपुढे बसवायचे. "सात एके?" म्हटलं की तिला तहान लागायची. "सात दुणे?" म्हटलं की पोटात दुखायचं. सात त्रिकपर्यंत ती कधी पोचलीच नाही, कारण तोवर ताई मधे पडायची. चाळीस पोरांचा वर्ग एका खाकरण्यात गप्प करणारा माणूस घरी एका पोरीपुढे हात टेकून बसायचा, आणि येणारेजाणारे वर म्हणायचे, "मास्तर, तुमचीच मुलगी का ही?"

ते मी आठ दिवस पाहिलं. मला अभ्यासातलं काही कळत नाही. पण न आवडणारं काम माणसाकडून कसं करून घ्यायचं हे परांचीवर कळतं. आमच्याकडे नवा माणूस उंचीला घाबरला तर त्याला कुणी "चढ, चढ" म्हणत नाही. त्याच्याशी पैज लावतात, वरून कावळ्याचं घरटं दिसतं की नाही म्हणून. तो बघायला चढतो. चढून झाल्यावर घाबरतो, पण तोवर वर असतो.

तसे मी पटाचे नियम केले. सापाच्या तोंडात पडलं की सापाला पाढा म्हणून दाखवायचा. न अडखळता म्हटला तर साप सोडतो, अडखळलं तर गिळतो. शिडीच्या पायाशी आलं की एक बेरीज करायची, चुकली तर शिडी निसरडी. भिंगरी पहिल्या दिवशी चष्म्याच्या सापाने तीनदा बारावर आली. चौथ्यांदा सत्त्याण्णववर उभी राहून तिने सातचा पाढा एका दमात म्हटला आणि सापाला म्हणाली, "आता बोल."

भावोजी दारात उभे होते. हातात पाटी होती.

आईबद्दल वेगळं लिहायला हवं. आईचा फासा नेहमी सहाच पडतो, कारण ती फासा टाकत नाही, ठेवते. शिवाय सहा पडल्यावर सात घरं चालते आणि विचारलं तर म्हणते, "माझे गुडघे दुखतात, मला मोजायला लावू नका." भिंगरीला बेरीज आली ती आजीची लबाडी पकडण्यासाठी. या कामी आईने जे शिकवलं ते कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, म्हणून माझं हेल्मेट आईला द्यावं. तिचा फासा पकडला गेला की ती तो फेकून मारते, तेव्हा ती हेल्मेट डोक्यावर चढवू लागली की निदान दुसऱ्यांना आधी अंदाज येईल.

कलम पाच. चिठ्ठ्या.

भिंगरीला वाचता येत नव्हतं. भावोजींनी सहा महिने पुस्तक धरलं होतं. कामावर परत निघण्याआधी मी घरभर तीस चिठ्ठ्या लपवल्या, मोठ्या अक्षरात लिहिलेल्या. एका चिठ्ठीत पुढची कुठे आहे ते लिहिलेलं. "पिठाच्या डब्यामागे बघ." "आजीच्या उशीत." "बाबांच्या बुटात, पण नाक धरून." तिसावी जिथे होती तिथे एक शिट्टी ठेवली होती, आमच्या मुकादमाची असते तशी, तीन इमारतींपलीकडे ऐकू जाणारी. भिंगरी कुणाला वाचून दाखवू द्यायला तयार नव्हती, कारण मग शिट्टी वाटून घ्यावी लागली असती. तिने एकेक अक्षर ताईला भांडी घासताना विचारलं, एकेक भावोजींना, वेगवेगळं, म्हणजे कुणाला पूर्ण वाक्य कळू नये. महिन्याभरात शिट्टी वाजली. ताई फोनवर म्हणाली, "तू लांब आहेस हे तुझं नशीब समज."

मात्र सत्ताविसावी चिठ्ठी कुणालाच सापडलेली नाही. भिंगरी सव्विसावरून अंदाजाने अठ्ठाविसावर गेली. सत्ताविसावी कुठे आहे ते मी मेल्यावरही सांगणार नाही. शोधावी.

कलम सहा. भावोजींशी भांडण, त्यांची बाजू आणि माझी.

तीन आठवड्यांपूर्वी भावोजींच्या शाळेत तपासणीसाठी साहेब आले. साहेब म्हणाले, एखाद्या मुलाला शंभरापर्यंत म्हणू द्या. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलीला उभं केलं. मला ताईने सांगितलं की उभं करताना त्यांनी कॉलर सारखी केली होती, स्वतःची.

भिंगरी खणखणीत म्हणू लागली. शिडीच्या आकड्यांवर हात वर करत होती आणि सापाच्या आकड्यांवर खाली वाकत होती, कारण तिला तसंच पाठ आहे. साहेब हसत होते, पण कौतुकाने. मग ती म्हणाली, "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी," आणि पुढे गेली.

साहेब म्हणाले, "बाळ, एक राहिला."

भिंगरी म्हणाली, "नाही राहिला. आमच्या घरी एवढेच आहेत."

सगळी शाळा हसली. भावोजी घरी आले, बूट न काढता पुढच्या खोलीत गेले आणि जमिनीवर ओणवे होऊन एकेक घर तपासत गेले. अठ्ठ्याहत्तरच्या शेजारी ऐंशी होता. त्यांनी तिथूनच मला फोन लावला.

"तू एकोणऐंशी खाल्लास."

मी म्हटलं, "भावोजी, असा आकडाच नाही. तुम्हीच काहीतरी चुकीचं शिकवताय."

मी हे खरोखर म्हटलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला म्हटलं. मग ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात टाइल्स बसवून घेतो. गुळगुळीत, पांढऱ्या, एकही आकडा नसलेल्या." आणि आता तो महिना आला आहे.

भिंगरीने दोन दिवस जेवताना तोंड फिरवलं. ताई म्हणाली, "पटावर झोपते, चादर घेऊन. म्हणते, माझ्यावर टाइल्स बसवा."

कलम सात. कबुली. हे कलम भावोजींनी उभं राहून ऐकावं.

मंगळवारी मी पट्ट्याला लटकलो होतो तेव्हा वरून काका ओरडत होते. काका म्हणजे माझे जोडीदार, परांचीवर तीस वर्षं काढलेले, माझा पाइप धरणारे. ते म्हणाले, "खाली बघायचं नाही. मोठ्याने मोज. शंभराच्या आत तुला वर घेतो." मी मोजत होतो. वारा होता, माझी चप्पल खाली जाऊन बराच वेळ झाला होता आणि अजून पोचल्याचा आवाज आला नव्हता. मी मोजत राहिलो. त्यांनी मला ओढून फळीवर घेतलं तेव्हा मी नव्वदवर होतो. काकांनी मला काही लागलं का विचारलं नाही. पाणी दिलं नाही. म्हणाले, "अरे, तुझा एकोणऐंशी कुठे गेला?"

मी म्हटलं, "तुम्हालाही भावोजींचा फोन आला होता का?"

मग त्यांनी मला मोजून दाखवलं, तिथेच बसून, क्लॅम्पचे नट फळीवर मांडून. असतो. एकोणऐंशी असतो.

मला आठवलं. चौथीत मला आकडे म्हणायला उभं केलं होतं. एकोणतीस, एकोणसाठ ही सगळी एकोण मंडळी मला पहिल्यापासून परकी वाटायची, पुढच्या घरात जाऊन मागच्याची चुगली करणारी. अठ्ठ्याहत्तरवर मी अडलो. मास्तर पट्टी घेऊन म्हणाले, "पुढे?" मी पुढे बघितलं तर खिडकी उघडी होती. मी पुढे गेलो. पुन्हा त्या वर्गात पाय ठेवला नाही. त्या मास्तरांबद्दल माझ्या मनात इतकी वर्षं जे होतं ते मी इथे सोडून देतो. पट्टी सोडून देत नाही, ती फार लागायची.

म्हणजे माझं शिक्षण अठ्ठ्याहत्तरपर्यंत झालं आणि त्यानंतर मी थेट ऐंशीपासून जगलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण परांचीचे पाइप वीस-वीसच्या गठ्ठ्यात येतात. गठ्ठ्यांना एकोणऐंशीची गरज पडत नाही.

तर भावोजी, तुमचं बरोबर होतं. आकडा आहे. चूक जमिनीची नाही, भिंगरीची नाही, तुमच्या शिकवण्याची तर नाहीच. जमिनीने जे माझ्याकडून घेतलं ते पोरीला दिलं. शिक्षा मला करावी, जमिनीला नको.

कलम आठ. भिंगरीशी बोलणं.

बुधवारी मी भिंगरीला फोन केला. पडल्याचं सांगितलं नाही, आज या कागदातून कळेल तेवढंच.

"भिंगरे, एक सांगायचं होतं. एकोणऐंशी असतो."

"माहितीये. बाबांनी शंभर वेळा लिहायला लावला." मग हळूच, "तुला नव्हतं माहीत?"

"हॅलो? आवाज नीट येत नाहीये."

"मामा, येतोय आवाज."

तीच पुढे म्हणाली, "आणि तो आपल्याकडे आहे. कपाटाखाली. तुझी सोंगटी तिथेच गेलीय ना."

माझी सोंगटी म्हणजे क्लॅम्पचा एक जुना नट. इतरांची शर्टाची बटणं. निघायच्या दिवशी आम्ही शेवटचा डाव मांडला होता आणि माझा नट घरंगळत कपाटाखाली गेला. काठी घातली, झाडू घातला, निघाला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून डाव तसाच टाकून मी निघालो.

"तू एकोणऐंशीवर बसलायस," भिंगरी म्हणाली. "म्हणून येत नाहीस."

"मग बाहेर कसा येऊ?"

"एक पडला की ऐंशी. ऐंशीला शिडी आहे. डायरेक्ट घर."

कलम नऊ. किरकोळ.

माझी मोजायची टेप भिंगरीला. तिने घरातल्या सगळ्या वस्तू मोजून लिहून काढाव्यात, भावोजींच्या मिशीसह, ते झोपलेले असताना. मोठा पाना काकांना. पट्टा कंपनीचा आहे, तो कुणाला देता येत नाही, पण मी त्याचा ऋणी आहे असं लिहून ठेवतो. माझ्या वरच्या खाटेवर जो घोरतो त्याला काही नाही. बँकेत जे असेल ते आईला, त्याचा फॉर्म कंपनीत भरलेला आहे, त्यात लिहायला एकच ओळ होती म्हणून बाकीचं इथे लिहिलं. ताईला भिंती दिल्याच आहेत, शिवाय तिच्याशी लहानपणापासून जितक्या वेळा खोटं बोललो त्याची माफी. आकडा विचारू नये, तो माझ्या शिक्षणाबाहेरचा आहे.

कलम दहा. खबर आल्यास.

मी उंचावर काम करतो. पट्टा दर वेळी धरेलच असं नाही. तशी काही खबर आली तर भिंगरीला कोपऱ्यात नेऊन, डोक्यावरून हात फिरवून काही सांगू नये. ती हुशार आहे, हात फिरवला की ओळखते. त्यापेक्षा कपाट सरकवावं. त्याखाली धूळ झाडून एकोणऐंशीचं घर रंगवावं. आकडा भावोजींनी काढावा, घरात वळणदार अक्षर त्यांचंच आहे. तिथे माझा नट सापडेल. भिंगरीने फासा टाकावा, आईने ठेवला तरी माझी हरकत नाही, फक्त एक पडला पाहिजे. मग मला ऐंशीवर न्यावं आणि शिडीने वर चढवावं. चढायची मला सवय आहे. त्यानंतर डाव थांबवू नये. पुढची पाळी ज्याची असेल त्याने खेळावं.

सही करण्यापूर्वी.

वर ठरवल्याप्रमाणे आज संध्याकाळी हे सगळं फोनवरून वाचून दाखवलं. घरी फोन स्पीकरवर ठेवला होता. पडल्याचं ऐकून आई म्हणाली, "अरे, चप्पल घालून कुणी चढतं का एवढ्या उंचावर?" ताई रडली आणि मग भिंती मिळाल्याबद्दल शिव्या दिल्या. भिंगरीने शिट्टी वाजवली, ती का हे कळलं नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कलम सात पुन्हा वाच."

वाचलं.

"पुन्हा. 'तुमचं बरोबर होतं' इथपासून."

वाचलं. काका माझ्या शेजारी बसून हसत होते.

"ठीक," भावोजी म्हणाले. "टाइल्सवाल्याला उद्या सांगतो, मागच्या खोलीत बसव म्हणून."

"आणि पुढची?"

"पुढे टाइल्स बसवायच्या तर कपाट हलवायला लागेल. ते माझ्या एकट्याने हलत नाही. मी दोनदा ओढून पाहिलंय."

मी विचारलं, "कशासाठी?"

उत्तर ताईने दिलं. "तुझा नट काढायला. कालपासून कंबर धरून बसलेत. भिंगरी यांच्याशी खेळायला तयार नाही. म्हणते, मामा एकोणऐंशीवर आहे, डाव थांबलाय."

"आठचा पाढा अडलाय तिचा," भावोजी म्हणाले, शाळेच्या आवाजात. "सातावर किती दिवस बसायचं? म्हणून म्हटलं, नट काढावा आणि डाव पुढे न्यावा. बाकी काही नाही."

"भावोजी, तुम्ही खेळणार?"

"चार महिन्यांनी येतोयस ना तू? मग ये. एका बाजूने मी धरतो, दुसऱ्या बाजूने तू धर. मृत्युपत्रात काहीही लिही, कपाट काही मेलेल्या माणसाकडून उचललं जात नाही."

म्हणून या कागदात पुढीलप्रमाणे बदल करतो. कलम तीनमधल्या सापाचा चष्मा मी येऊन स्वतःच्या हाताने पुसेन. भांग राहू द्यावा, तो सापाला शोभतो. कलम दहामध्ये "कपाट सरकवावं" लिहिलं आहे तिथे "दोघांनी" हा शब्द घालावा. आणि तोपर्यंत नटाला कुणी काठी लावू नये. मी आहे तिथे ठीक आहे, माझी पाळी येऊ द्या.

सही: भिंगरीचा मामा

साक्षीदार पहिला: काका, परांचीवरचा जोडीदार. मोजणी माझ्यासमोर झाली. हल्ली हा रोज कामावर चढताना एकोणऐंशी मोठ्याने म्हणतो, खालचे लोक दचकतात.

साक्षीदार दुसरा: ऑफिसातला कारकून. सर्व वाचून सही केली. भिंती हवेत लटकण्याबाबत माझी हरकत कायम आहे.

ठिकाण: मजूर वसाहत, खोली सात, खालची खाट.

तारीख: अकरा, सोमवार. सुट्टीला तीन महिने एकोणतीस दिवस. एकोणतीस काकांना विचारून लिहिलं.